चोवीस इंचांची टेप

चोवीस इंच कंबर म्हणजे नेमकी किती, हे १९९७ सालापर्यंत आमच्या शिवाजी पेठेत कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. मी मेहरुन्निसा, लेडीज टेलर. वीस वर्षं पेठेतल्या बायकांचे कपडे शिवले, पण एकीनंही मला कधी आकडा विचारला नव्हता. बायका मापाचा जुना ब्लाऊज आणून टाकायच्या आणि सांगायच्या, "भाभी, असाच शिवा, फक्त दंडात जरा सैल." अंग भरलं की कौतुक व्हायचं. सासरहून आलेली लेक वाळलेली दिसली तर आई आधी जावयाला शिव्या घालायची आणि मग कढई चढवायची.

मग केबल आली आणि टीव्हीवर फॅशन शो सुरू झाले. हसायचीही ताकद नसलेल्या पोरी हजारोंचे कपडे घालून इकडून तिकडे चालायच्या आणि पेठ जेवता जेवता त्यांच्याकडे बघत बसायची. तोवर ठीक होतं. पण त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या तालमीच्या मंडळानं गणपतीत सौंदर्य स्पर्धा ठेवली. होय, तालमीनं. जिथं पोरं लाल मातीत घुमतात आणि थंडाईला बदाम घोटतात, त्या तालमीनं. मंडळाचा सेक्रेटरी मृत्युंजय मुंबईला जाऊन एक फॅशन शो प्रत्यक्ष बघून आला होता आणि येताना नियमांचा कागद घेऊन आला होता. पोरींची मापं घ्यायला बाईमाणूस हवं म्हणून मीटिंगला मलाही बोलावलं.

अध्यक्ष गुंडू वस्तादांनी कागद लांब धरून वाचला. "छत्तीस, चोवीस, छत्तीस. हे काय, बैठकांचा आकडा हाय व्हय?"

"मापं हाईत, वस्ताद. मधलं कंबरेचं," मृत्युंजय म्हणाला.

वस्तादांनी माझ्याकडची टेप मागून घेतली आणि सगळ्यांदेखत लुंगीवरूनच आपल्या मांडीला गुंडाळली. "चोवीस तर माझी मांडी हाय. पोरीची कंबर माझ्या मांडीएवढी? मग ती जेवती कुठं?"

"मुंबईत जेवत न्हाईत," मृत्युंजय म्हणाला.

मुंबईचं नाव निघाल्यावर विषयच संपला. चोवीसच्या वर एकाही पोरीला स्टेजवर चढू द्यायचं नाही, असा ठराव झाला. ठरावाला अनुमोदन देणाऱ्याची स्वतःची ढेरी टेबलाला टेकली होती.

दुसऱ्या दिवसापासून पेठेत काकडी महागली. कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला येणाऱ्या पोरी लिंबूपाण्यावर आल्या. माझ्या दुकानात तर नवीच टूम निघाली. "भाभी, दोन इंच कमी करून शिवा, तोवर मी बारीक होतो की." पूर्वी मी अंगाच्या मापानं कापड कापायचे, आता पोरी कापडाच्या मापानं अंग कापायला निघाल्या. माझ्याकडे कात्री असून मी गप्प बसले.

गप्प बसणं महागात पडलं ते दानेश्वरीपायी. माझ्या दुकानासमोर ईरप्पांचं पेंड-भुशाचं दुकान. दानेश्वरी त्यांची एकुलती एक, तेव्हा अठरा वर्षांची. तिचं पहिलं झबलं मी शिवलं होतं आणि ते द्यायला तिच्या आजोळी जयसिंगपूरला एसटीनं गेले होते. मला लेकरू नाही. त्या पोरीवर माझा जीव होता, आणि तिलाही ते माहीत होतं. नाव नोंदवायला ती हसत आली. मी माप घेतलं, अठ्ठावीस भरलं, आणि तिचं हसू गेलं.

"म्हणजे चार इंच जास्त," ती म्हणाली. कुणाचं तरी चोरून आणलेलं तिच्याकडे सापडावं, तसं तोंड केलं होतं तिनं.

त्या दिवसापासून तिनं भाकरी सोडली. सकाळी काकडी, संध्याकाळी काकडी. तिची आई निर्मला रडायची, आणि ईरप्पा आपल्या परीनं समजूत घालायचे. "आमच्या धंद्यात बारकी म्हस कोण दावणीला बांधत न्हाय, बाळ." त्यामुळे पोरीनं काकडीही सोडली. तिसऱ्या आठवड्यात ती जिन्यात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावलं, आणि दुसऱ्या दिवशी हाताला कापसाचा बोळा तसाच चिकटवून ती माझ्या पायरीवर हजर.

"चाची, बघा की किती भरतंय."

सव्वीस भरलं. पोरगी पायरीवर बसून रडायला लागली. तिच्या मनगटाचं हाड वर आलं होतं. मला तिचा राग आला, मृत्युंजयचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या हातातल्या टेपचा आला.

कापडी टेप वापरून वापरून ताणते. ताणली की खुणा लांब लांब जातात आणि माप कमी दाखवते. म्हणून शहाणा शिंपी जुनी टेप फेकून देतो. मी शहाणी नव्हते, चिकट होते, त्यामुळे माझी टेप आधीच इंचभर खोटं बोलत होती. त्या दुपारी मी ती पाण्यात भिजवली, आढ्याच्या खिळ्याला बांधली आणि खाली कोळशाची इस्त्री अडकवली.

माझा नवरा हुसेन कापड बेतत होता. त्यानं मान वर केली. "हे काय करतीस?"

"पोरीला जेवू घालतीय," मी म्हणाले. त्यानं पुन्हा मान खाली घातली. शिवणकामासाठी मी त्याला नवी टेप आणून दिली.

दोन दिवसांनी दानेश्वरीला बोलावलं. चोवीस भरलं. तिनं तीनदा मोजायला लावलं, तीनदा चोवीस.

"आता माप झालं," मी म्हणाले. "आता जेव. न्हाईतर स्टेजवर पडशील, आणि आपल्या पेठेत पाठ टेकली की हरलीस."

ती घरी गेली आणि दोन भाकऱ्या जेवली. निर्मला रस्ता ओलांडून मला सांगायला आली आणि जाताना एक भाकरी माझ्याही हातावर ठेवून गेली. पुढचे पंधरा दिवस दुपारी इस्त्री टेपला लटकायची. दानेश्वरी जेवत गेली आणि टेप लांबत गेली.

आणि गंमत अशी, की पोरगी दिवसेंदिवस भरत होती आणि पेठ म्हणत होती, "केवढी बारीक झाली ही." आकडा चोवीस म्हटल्यावर डोळ्यांना कोण विचारतो? पुढे तर माझ्या हाताला गुण आहे असं पसरलं. दुसरीकडे तीस भरणारी बाई माझ्याकडे सव्वीस भरायची आणि आनंदानं मला पेढे द्यायची. स्वतःही दोन खायची.

स्पर्धेच्या दिवशी तालमीच्या पटांगणात माप माझ्याच टेपनं झालं. अकरा पोरी आणि अकराही चोवीसच्या आत. एक तर बावीस भरली, ती स्वतःच घाबरली. मग चालणं झालं, प्रश्नोत्तरं झाली, दानेश्वरीला भरपूर टाळ्या पडल्या. पण परीक्षकांचं काही ठरेना. शेवटी गुंडू वस्तादांनी माईक घेतला आणि कुस्तीच्या जोडीसारखी स्पर्धा बरोबरीत सोडवली. प्रत्येकीला एकेक नारळ मिळाला. बक्षिसाचा प्रेशर कुकर तालमीतच राहिला, आणि गणपती गेल्यावर त्यात पैलवानांचं मटण शिजलं.

मला वाटलं, सुटले. तिसऱ्या दिवशी निर्मला परत आली. "भाभी, पुन्हा काकडी सुरू झाली."

मी जुनी आणि नवी अशा दोन्ही टेपा पिशवीत घालून समोर गेले. दानेश्वरी कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"सगळ्याच चोवीस हाईत, चाची. मग त्यात काय राहिलं? मला बावीस पायजे."

मी दोन्ही टेपा टोकं जुळवून फरशीवर अंथरल्या. दोन्हींच्या शेवटाला साठच लिहिलं होतं, पण जुनी टेप नवीच्या दहा इंच पुढे गेली होती. पोरगी उठून बसली. तिनं त्या दोन टोकांमध्ये वीत लावून बघितली.

"मग स्पर्धेदिवशी मी किती होते?"

"अठ्ठावीस."

"आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या?"

"वाजवल्या की. बारीक झालीस म्हणून."

तिचे डोळे भरले. "तुम्ही मला फसवलं, चाची."

"व्हय, फसवलं," मी म्हणाले. "मृत्युंजयच्या कागदानंबी फसवलंच होतं. त्यात तू उपाशी राहिलीस. माझ्यात निदान जेवलीस तरी."

ती माझ्याशी चार महिने बोलली नाही. जेवत मात्र होती, निर्मला रोज खुणेनं सांगायची. त्या चार महिन्यांत मला झोप बरी लागली असं नाही. खोटं बोलून मिळवलेली गोष्ट खरं सांगून गमावली, याचं दुःख वेगळंच असतं.

बाकीच्यांनाही मी सांगून टाकलं, की टेप खोटी आहे. गर्दी कमी होईल असं वाटलं होतं, ती दुप्पट झाली. "असू दे की भाभी, तुम्ही त्याच टेपनं घ्या," बायका म्हणायच्या. एका बाईनं ती विकत मागितली. शेवटी मी ती दाराजवळ खिळ्याला टांगून ठेवली. ज्यांना आकडा हवा त्यांनी घ्यावा, शिलाई वेगळ्या टेपनं व्हायची.

२००३ साली दानेश्वरीचं लग्न ठरलं, मुलगा हातकणंगल्याचा. तोवर पेठेत दोन जिम निघाल्या होत्या आणि मृत्युंजय त्यातल्या एकीचा मालक होता. लग्नाच्या ब्लाऊजसाठी ती मापाचा ब्लाऊज न आणताच आली. तेव्हा सवयीनं माझा हात खिळ्याकडे गेला.

"ती नको, चाची," ती म्हणाली. "खरी घ्या."

मी गळ्यातली टेप काढली आणि माप घेतलं. आकडा मी वहीत लिहिला, मोठ्यानं वाचला नाही, आणि तिनंही विचारला नाही. दारातून मात्र ती परत वळली.

"कंबरेला जरा सैल ठेवा. माझं लग्न हाय, मला जेवायचं हाय."