सहावी मशाल

"आजोबांनी त्रेचाळीस साली जर्मन अफसराच्या हातातून हिसकावलंय हे!" बोगोसावने ऐटीत पिस्तूल टेबलावर ठेवलं.

वुकाशिनने उभा जन्म क्रागुयेवाचच्या शस्त्रांच्या कारखान्यात पिस्तुलं जुळवण्यात घालवला होता. त्याने तेलाच्या फडक्याने वर्षांची काजळी पुसली. खाली युगोस्लाव्हियाचं जळत्या मशालींचं चिन्ह निघालं.

"मशाली मोज, गाढवा."

"सहा."

"त्रेसष्ट सालापर्यंत पाचच असायच्या. तुझा जर्मन काय वीस वर्षं हात वर करून उभा होता?"

बोगोसाव गोरामोरा झाला. वुकाशिनला आणखी एक खूण दिसली: तपासणीचा शिक्का, आणि तोही तिरका. असा तिरका शिक्का कारखान्यात एकच बाई मारायची.

"देसांका, इकडे ये गं!"

त्याची बायको कॉफी घेऊन आली. पिस्तुलावरचा नंबर वाचून ती थबकलीच.

"अडुसष्ट साली माझ्या टेबलावरून चोरीला गेलं ते हेच! तीन दिवस चौकशी चालली होती माझी. तुझे आजोबा माझ्या शेजारीच पेट्या भरायचे ना रे?"

बोगोसावने मान खाली घातली.

देसांकाने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तो जर्मन अफसर मीच की!"