वस्तऱ्यापर्यंतचं वाचन

सलूनवाल्याने पवित्र शास्त्र कधी शोधून वाचलं नव्हतं. उघडून दिलेलं वाचलं होतं. नाताळच्या उपासनेत जन्माच्या भविष्यवाणीचे दोन उतारे तोच वाचायचा. आवाज भारदस्त होता. बाकी सगळं बायको बघायची. ती त्या त्या पानात केसांचा आकडा खोचून ठेवायची आणि पुरेसं झालं की दुसऱ्या बाकावरून खोकायची. खोकला ऐकू आला की हा ‘आमेन’ म्हणून खाली बसायचा. संसारही साधारण याच पद्धतीने झाला.

उन्हाळ्यात बायको गेली. लेक आली, रडली, आणि जाण्याआधी घर आवरून गेली.

“आईने पुस्तकात काय काय कोंबलं होतं, बाबा! तिकिटं, दोरे, आकडे. सगळं झटकून टाकलं.”

“बरं केलंस,” तो म्हणाला होता. नाताळ तेव्हा लांब होता.

मग एक दिवस चर्चचे पाळक दाढीला आले. “यंदा जमेल ना तुम्हाला? नाहीतर दातांचे डॉक्टर तयार आहेत. ते तसे बरीच वर्षं तयार आहेत.”

“जमेल,” सलूनवाला म्हणाला. वस्तरा पाळकांच्या गळ्यावर असल्यामुळे चर्चा वाढली नाही.

पण जमणं भाग होतं. हल्ली त्याच्याशी लोक बोलत ते खुर्चीत बसून, तेही आरशाकडे बघत. ‘तुम्ही या’ असं म्हणून त्याला वर्षातून एकदाच बोलावलं जाई. तेवढंही डॉक्टरांकडे गेलं, तर सणाच्या दिवशी रिकाम्या बाकावर बसून दुसऱ्याचा आवाज ऐकायचा.

जन्माची गोष्ट मागच्या भागात असते, एवढं त्याला माहीत होतं. म्हणून त्याने मागचा भाग पिंजून काढला. तिथे जन्म होऊन गेलेला होता. भविष्यवाणी आधी करतात, हे ध्यानात येईपर्यंत चहा निवला. त्याने लेकीला फोन लावला.

“मोबाईलवर शोधा की, बाबा.”

“तुझी आई कुठून वाचायला लावायची, ते मोबाईलला काय ठाऊक?”

“बाबा, बाळ उठलंय. ठेवू?”

त्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली, मोठ्याने. घरात कुणीतरी बोलतंय एवढं तरी वाटत होतं. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. पानापानाला घरं माणसांनी भरत चालली होती. रोज सलून बंद केलं की तो त्या गर्दीत जाऊन बसे.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एका पानाच्या कडेला त्याचं बोट थांबलं. तिथे तांबूस रेघ उमटली होती, थेट आकड्याएवढी. लेकीने आकडा झटकला होता; गंज कसा झटकणार? पुढे मीखा नावाच्या संदेष्ट्याच्या पानावर दुसरी रेघ सापडली. तो बराच वेळ तिच्यावर अंगठा ठेवून बसला. मग दोन्ही ठिकाणी सलूनमधले कंगवे घातले.

नाताळच्या दिवशी मीखा सुखरूप पार पडला, कारण पेटीवाल्या बाईंनी घाईने पुढच्या गीताचा सूर धरला. मग यशया. कुमारी गर्भवती होईल, पुत्राला जन्म देईल. आवाज छान लागला. बाळाच्या वाट्याचं दही आणि मध आलं. त्याने दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. खोकला आला नाही. गंजाने कुठून सुरू करायचं ते सांगितलं होतं, कुठे थांबायचं ते सांगितलं नव्हतं.

तो वाचत राहिला. शत्रूचा राजा आला, माश्या आल्या, मधमाश्या आल्या. त्यानंतर नदीपलीकडून भाड्याने आणलेला वस्तरा आला आणि डोकं, पाय, दाढी, सगळं साफ करू लागला. निम्मी मंडळी त्याच आठवड्यात त्याच्याकडून दाढी करून आलेली. काहींनी नकळत हनुवटी चाचपली. पाळक छताकडे बघू लागले.

शेवटी मागून कुणीतरी घसा खाकरला.

“आमेन,” सलूनवाला तत्काळ म्हणाला आणि बसला.

दारात दातांच्या डॉक्टरांनी त्याला गाठलं. “वाचन जरा लांबलं, नाही का?”

“मागून खोकलं कोण? तुम्ही?”

“हो. म्हणजे, कुणीतरी थांबवायला हवं होतं.”

सलूनवाल्याने त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. “पुढच्या वर्षी दुसऱ्या बाकावर बसाल?”

“आणि वाचणार कोण?”

“मीच. तुम्ही फक्त जरा लवकर खोका.”