संयमची स्पॅनिश

हर्षाला स्पेनमधल्या एका शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायची नेमणूक मिळाली आणि त्याच सुमारास घोडेगावच्या जिनेशशी तिचं लग्न ठरलं. "लग्न होऊ दे, मग जा की," सासरे पुनमचंद म्हणाले होते. लग्नानंतर विषय काढला की सासूबाई उगमबाई म्हणायच्या, "बघू पुढच्या वर्षी." नेमणूक रद्द झाली. पुण्यात शिकलेली स्पॅनिश सासरच्या भांड्यांच्या दुकानात काय उपयोगाची?

पुढं धाकटा दीर संयम शिकायला व्हॅलेन्सियाला निघाला. त्याला कुणी 'बघू' म्हणालं नाही.

"भाभी, शिकवाल का मला?" त्यानं विचारलं. हर्षानं मनापासून शिकवलं. रोज दुपारी, दुकानामागच्या खोलीत.

भूतकाळापाशी तो अडला. "एक भूतकाळ झाला ना? हा दुसरा कशाला?"

"तो एकदा घडून गेलेल्याचा. हा नेहमी घडायचं त्याचा. मी जायचे, तू जायचास, आम्ही जायचो. इबा, इबास, इबामोस. आता 'अभ्यास करायचो' म्हण."

"एस्तुदियार... एस्तुदियाबा."

जीभ वळेपर्यंत तिनं त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

दिवाळीत त्याचा व्हिडिओ कॉल आला. सगळे फोनभोवती जमले. हर्षा मागं बशा भरत होती. तिकडं घरमालकीण डोकावली आणि म्हणाली, इतकी छान स्पॅनिश कुठं शिकलास?

"एस्तुदियाबा सोलो, एन कासा," संयम हसून म्हणाला.

"काय म्हणतोय गं?" उगमबाईंनी मागं वळून विचारलं.

"घरी एकटाच अभ्यास करायचो, म्हणतोय."

"पहिल्यापासून हुशार आहे तो," पुनमचंद म्हणाले.

जिनेशनं तिच्याकडं पाहिलं आणि बशीतली शेव उचलली. संयमला हर्षा आत्ता दिसली असावी. तो लगेच वडिलांना दुकानाचं विचारू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. 'भाभी, काल गंमत केली हो. एरा आणि एस्ताबा, दोन्ही 'होता'च ना? फरक परत सांगाल? परवा परीक्षा आहे.'

दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. तिनं फोन उपडा ठेवला.

"संयमचा आहे ना? उत्तर दे बाई, पोर एकटं आहे तिकडं," उगमबाई म्हणाल्या.

"देते," हर्षा म्हणाली.

तिनं दिलं नाही. त्यानंही पुन्हा विचारलं नाही.