न परतलेल्या बाटल्या

काढेवाली मावशी कुणाकडून पैसा घेत नसे. तिची अट एकच: कावीळ उतरली की बाटली धुऊन परत आणायची. स्वयंपाकघरातली फळी अशा बाटल्यांनी गच्च भरली होती. कुणी शंका काढली की मावशी नुसतं फळीकडे बोट दाखवी. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

आता तिच्या नवऱ्याचेच डोळे पिवळे झाले होते. तीच मुळी, तोच पाला, तोच काढा. तरी पिवळेपणा हटेना, उलट पोट फुगत चाललं. मावशी मनातून पार घाबरली होती, पण तोंडाने कबूल करेल ती मावशी कसली? गावाला बरं करणारी बाई घरचं माणूस दवाखान्यात नेणार, तर लोक तोंडावर हसतील.

लेक औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती म्हणाली, "आई, बरीचशी कावीळ आपोआपच उतरते. काढा घेतलेले आणि न घेतलेले शेजारी ठेवून बघितल्याशिवाय गुण कशाचा ते कळत नाही गं. काही पाल्यांनी तर यकृत आणखी बिघडतं. बाबांना नेऊया."

"चार बुकं शिकलीस म्हणून आईला शिकवतेस? ती फळी बघ."

"बघितली. न आलेल्या बाटल्या कुठायत?"

"विसरतात लोक," मावशी म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं. मागच्या गल्लीतली शिंपीण फडक्यात बाटली गुंडाळून उभी होती. मावशीचा जीव भांड्यात पडला. "बघ, आली की नाही?" असं लेकीला म्हणत तिने फडकं सोडलं.

बाटली अर्धी भरलेली होती.

"आमचे हे गेले, मावशी," शिंपीण म्हणाली. "शेवटी शेवटी मलासुद्धा ओळखेनात. उरलेला काढा टाकवेना. तुमच्याकडेही आजारपण आहे ना, म्हटलं उपयोगी पडेल."

नवरा भिंत धरत आतल्या खोलीतून बाहेर आला. त्याने बायकोकडे टक लावून पाहिलं.

"आई, माझी चप्पल कुठंय?" त्याने बायकोलाच विचारलं.

मावशीने दाराची चौकट घट्ट धरली.

"गाडी काढ," ती लेकीला म्हणाली. अर्धी बाटली तिने पदराखाली धरली. "काय पाजलं, ते डॉक्टर विचारतील. मीच सांगते."