हिनात्सु संघाची सरावाची बॅट

मित्रांनो, मी बेसबॉलची एक जुनी बॅट आहे, पण सामन्यात खेळलेली नव्हे. जपानच्या उत्तरेला, होक्काइदोच्या थंडीत वाढलेल्या झाडापासून मला घडवलं ते मुद्दाम लांब, बारीक आणि हलकं. संघाचे मुख्य प्रशिक्षक, म्हणजे कान्तोकु, मला हातात धरत आणि चेंडू हाणून हाणून आपल्याच खेळाडूंना सळो की पळो करून सोडत. धाव काढण्याचं सुख माझ्या नशिबी नव्हतं.

हिनात्सु ही क्युशूतली कोळशाची कंपनी. संघ तिचा, मैदान तिचं, वसतिगृह तिचं, खेळाडूंच्या छातीवर नावही तिचंच. खाणीतून वर आलेली माणसं तोंडावरची काजळी न धुता सामना पाहायला येत. संघ हरला की गावाला जेवण गोड लागत नसे.

आमचे उराबे कान्तोकु लढाईच्या काळात आरमारात होते. तिथे त्यांच्या पाठीवर काठ्या मोडल्या होत्या, आणि माणूस असाच घडतो हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. चेंडू सुटला की खेळाडूने वाकून उभं राहायचं, मांड्यांवर मला झेलायचं आणि वर आभार मानायचे. लाकडाला विचारतंय कोण! एका वर्षी संघ अजिंक्य ठरला तेव्हा कंपनीच्या अध्यक्षांनी मला हातात घेऊन फोटो काढला, दारूने न्हाऊ घातलं. या बॅटनेच विजय आणला, असं सगळे म्हणत होते. काळेनिळे वळ विजारींखाली झाकलेले होते.

पुढे तेल आलं आणि कोळशाची सद्दी संपली. कोटातली माणसं येऊन बजावून गेली, की यंदा तळाला राहिलात तर संघ विकून टाकू. तेव्हापासून उराबेंच्या हाताला धरबंध राहिला नाही.

सागारा तामोत्सु हा आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे चेंडू अडवणारा. त्याचा बाप हिनात्सुच्याच खाणीत गाडला गेला होता, त्यामुळे छातीवरचं नाव त्याला इतरांपेक्षा जड होतं. त्याच्या पायांमधून एक साधा चेंडू निसटला आणि हातातला सामना गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उराबेंनी त्याला एकट्याला मैदानात उभं केलं.

या सरावाची एक रीत आहे. चेंडू झेलला किंवा चुकला, तरी खेळाडूनेच ओरडायचं, “आणखी एक!” त्याचा खरा अर्थ एवढाच, की मी अजून उभा आहे. बस म्हणायची रीतच नाही.

उराबे जवळून मारत होते. आधी सागाराच्या अंगठ्याचं नख उखडलं. मग एक चेंडू तोंडावर बसला. तो रक्तासकट दात थुंकला आणि म्हणाला, “आणखी एक.” पुढचा चेंडू खड्यावर आपटून उसळला आणि थेट डाव्या डोळ्यात घुसला. तो कोसळला. पुन्हा उठला. डोळ्यावर दाबलेल्या बोटांमधून रक्त मनगटापर्यंत ओघळत होतं. “आणखी एक.” बाकी संघ मैदानाच्या कडेला होता; कप्तान आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला. माझी मूठ उराबेंच्या हातातून घामाने निसटत होती, तरी त्यांनी मारलाच.

तेवढ्यात तोमे-सान आली. ती वसतिगृहात सगळ्यांचं रांधायची आणि पोरं तिला आई म्हणायची. चुलीवरचा भात तसाच टाकून, लाकडी खडावा घालून ती मैदानात शिरली आणि सागाराच्या पुढ्यात उभी राहिली.

“बाजूला हो,” उराबे म्हणाले. “बाईमाणसाचं इथे काय काम?”

“याच्या वाटचे मी झेलते. मारा. आणखी एक.”

उराबेंचा हात लयीत होता. मी फिरले. चेंडू तिच्या गळ्याखालच्या हाडावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ती गुडघ्यांवर आली, पण जागची सरकली नाही. दात आवळून ती पुन्हा तेच म्हणाली. तेव्हा मी उराबेंच्या हातून गळून पडले.

मला उचलून ते तसेच दवाखान्यात गेले. सागाराच्या खाटेपाशी जमिनीवर बसून म्हणाले, “तू बस म्हणाला असतास तर मी तिथेच थांबलो असतो. तू मागत राहिलास.”

“मी मागत नव्हतो, कान्तोकु. तुम्ही थांबाल म्हणून वाट बघत होतो.”

उराबे फरशीवर कपाळ आपटू लागले. परिचारिकेने धरेपर्यंत फरशी लाल झाली होती. सागाराचा डोळा मात्र परत आला नाही, आणि कंपनीने वर्तमानपत्रांना कळवलं, की सरावात किरकोळ अपघात झाला.

त्याच शरद ऋतूत संघ एका डबाबंद मांसाच्या कंपनीला विकला गेला आणि पुढे एका दूरचित्रवाणी कंपनीला. छातीवरची अक्षरं उसवली, नवी शिवली. मी मात्र दरवेळी वारसा म्हणून सोबत गेले. आता मी काचेच्या पेटीत असते आणि खाली लिहिलंय, ‘जिद्दीची बॅट’. अशी जिद्द गेली चुलीत!

यंदाच्या नव्या कान्तोकुंना मी सरावासाठी हवी होते. मला त्यांच्या हाती सोपवायला म्हाताऱ्या सागाराला बोलावलं होतं. त्याने मला बाहेर काढलं आणि उरलेल्या डोळ्याने बराच वेळ पाहिलं.

“द्या की आजोबा,” नवे कान्तोकु हसत म्हणाले. “हल्लीची पोरं मऊ झालीत.”

“यातला तुमचा पोरगा कोणता?” समोर रांगेत उभ्या खेळाडूंकडे बघत सागाराने विचारलं. “आधी त्याला उभं करा.”

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. सागाराने मला आत ठेवून पेटी लावून टाकली.

मित्रांनो, जुन्या वस्तू विनवतात, की आम्हाला अडगळीत टाकू नका, हाती घ्या. मी उलटं मागते. मला खुशाल अडगळीत टाका, वाळवी लागू द्या. आणि कुणी रक्तबंबाळ होऊनही अजून मागत असेल, तर त्याचं ऐकू नका.