मधली

सोनबाच्या वस्तीवरून मळ्याकडे जाणाऱ्या पायवाटेला सगळे 'मधली' म्हणत. ज्वारीच्या दोन पट्ट्यांमधून जायची म्हणून मधली. "मदलीनं ये", "मदलीनं गेली", असंच बोलणं चाले. मुंबईची सडक या मधलीला आडवी गेलेली. पूर्वी दिवसभरात चार-दोन मोटारी दिसत. मग पिंपरीला कारखाना उठला आणि चोपन्न-पंचावन्न सालापासून लॉऱ्यांची रीघ लागली. त्यातल्याच एका लॉरीखाली, भर दुपारी, सोनबाची भाकरी घेऊन निघालेली त्याची बायको मंजुळाबाई गेली.

ड्रायव्हरवर पुण्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. त्याला शिक्षा होवो न होवो, सोनबाला त्याचं काही नव्हतं. त्याच्या जिवाला घोर होता वेगळाच. पोलीसपाटील दौलतराव एकदा बोलून गेला होता, "सडक काय वाट्टंल तिथनं वलांडायची आसती व्हय? कायद्यानं चूक तुज्या बायकूचीच निगंल बग." उभ्या जन्मात कुणाच्या शेतातलं कणीस न मोडलेल्या बाईवर मेल्यावर ठपका यायचा! दौलतरावाचं काय जातंय बोलायला. इकडे सोनबाला अन्न गोड लागेना.

सोनबा साक्षीला उभा राहिला. ड्रायव्हरच्या वकिलाने विचारलं, "बाई कुठून जात होती?"

"मदलीनं."

"म्हणजे मधून?"

"व्हय, मदनंच की. रोज मदलीनंच जायाची. समद्या गावाला ठावं हाय."

कारकुनाने जबानी लिहून वाचून दाखवली: 'मयत नेहमी रस्त्याच्या मधून जात असे.' आपल्या मधलीला शुद्ध भाषेत असंच लिहीत असतील, असं त्या भाबड्याला वाटलं. त्याने अंगठा उठवला.

निकालाच्या दिवशी मॅजिस्ट्रेट वाचू लागले. "सडक मध्येच कुठे ओलांडली, एवढ्यावरून पादचाऱ्याला दोष देता येत नाही. तशी मनाई नाही."

सोनबाने डोळे मिटले. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला. मंजुळा सुटली! दौलतरावाला कधी एकदा सांगतो, असं त्याला झालं.

पण वाचन संपलं नव्हतं. "परंतु मयत सडक ओलांडत नव्हती. ती सडकेच्या मधोमध चालत होती, आणि ती तिची रोजची सवय होती, असं खुद्द तिचा नवराच सांगतो." ड्रायव्हरखेरीज प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी नव्हतं. चूक बाईची ठरली, ड्रायव्हर सुटला.

सोनबाला उमगायला थोडा वेळ लागला. मग तो ओरडलाच, "सायेब, मदली म्हंजी आमची वाट! सडकंची मदली न्हाई वो!" पुढच्या खटल्याचा पुकारा झाला होता. शिपायाने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

घरी त्याची धाकटी बहीण शालनबाई उंबऱ्यात बसून होती. तिने विचारलं, "दादा, कुनाची चूक निगाली?"

"माजी," सोनबा म्हणाला आणि मटकन खाली बसला.

दुःखाने काहीबाही बोलतोय, असं तिला वाटलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आसं काय बोलतुयास?" ती म्हणाली. "तू कुटं हुतास तितं?"