मुलगी मैंदर्गीत, रजा सोलापुरात

नंदीशची सहा महिन्यांची पितृत्व रजा भरपगारी मंजूर झाली. पण असं काही घडलंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ, कारण नंदीशच्या सासूबाईंनी तसंच धरलं होतं.

तर नंदीश सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर. टॉवेल परदेशी जात. तिकडच्या गिऱ्हाइकानं एक दिवस मेल करून विचारलं, तुमच्याकडे बापांना रजा किती? मॅनेजर अनिलकुमारसाहेबांनी चहा पिता पिता 'सहा महिने' कळवून टाकलं. मग तपासणीला माणसं येणार म्हटल्यावर कारखान्यात बाप होऊ घातलेला माणूस शोधणं आलं. नंदीशची बायको दानेश्वरी तेव्हा सातव्या महिन्यात होती.

"नंदीश, बाळ झालं की तू घरी बसायचं," साहेब म्हणाले. "पण गाव सोडायचं न्हाई. तपासणीवाले कवाबी दारात येतील. बाप घरात पायजे."

"बाप असंल की साहेब. बाळ मैंदर्गीत असणार."

"का?"

"पयलं बाळंतपण. माहेरी."

साहेबांच्या स्वतःच्या दोन्ही पोरी सासुरवाडीतच झालेल्या. मेल लिहिताना तेवढं आठवलं नव्हतं.

डिसेंबरात मुलगी झाली. सिद्धेश्वरी. नंदीशची रजा सुरू झाली. तो घरी बसून उशीला दुपट्यात गुंडाळायची प्रॅक्टिस करू लागला. उशी शहाणी होती, रडायची नाही. रोज नऊला व्हिडिओ कॉल यायचा. त्यात मुलीचा अर्धा कान आणि पूर्ण पंखा दिसायचा. त्याला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं, असं मात्र वाटत होतं.

फेब्रुवारीत साहेबांचा फोन आला. "उद्या अकराला तपासणी. बाळ दाखवावं लागंल."

"कुठनं दाखवू?"

"कुणाचं तरी आण की. बाळांना काय तोटा हाय?"

शेजारच्या झीनतभाभींनी आठ महिन्यांचा आसिफ त्याच्या हातात दिला. "लेके जाओ भाईजान. पन सोया तो उठाना नक्को."

तपासणीला दोघं आले. वजन, झोप, लस असं विचारून झालं. त्यातला चष्मेवाला आसिफच्या तोंडात वाकून म्हणाला, "दोन महिन्यांच्या मुलीला दात?"

"आमच्यात लवकर येतात," नंदीश म्हणाला.

चष्मेवाल्यानं तसं लिहून घेतलं. जाताना त्यांनी बापलेकीचा फोटो काढला. तो अजून कारखान्याच्या गेटवर आहे.

त्यानंतर आसिफ रोजच येऊ लागला. नंदीश त्याचे लंगोट बदलायला शिकला, ढेकर काढायला शिकला. हात कामाला लागले. बाकीचा नंदीश खुर्चीवर बसून असायचा.

पाच महिने भरले की पाठवतो, असं सासूबाई शरणम्मा म्हणाल्या होत्या. ते भरले. दोन दिवसांनी अधिक महिना लागला.

"अधिकात लेकरू धाडत न्हाईत," त्या फोनवर म्हणाल्या. "त्यापरीस तुमीच या की, धोंडं खायला."

अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण घालतात, हे साहेबांनाही मान्य होतं. एक दिवस गाव सोडायची परवानगी मिळाली.

मैंदर्गीत नंदीशला पाटावर बसवलं, पाय धुतले, कुंकू लावलं. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. पुढ्यात तेहतीस अनारसे. आतल्या खोलीत सिद्धेश्वरी रडली. नारायण उठला.

"अय्यो! बसा की!" शरणम्मा आडव्या झाल्या. "देव पाटावरनं उठतोय व्हय?"

"लंगोट ओला असंल अत्ती. बदलतो."

"नारायणानं लंगोट बदलायचा? गल्लीत तोंड दाखवू का नको आमी?"

"अव्वा, बदलू दे की," दानेश्वरी दारातून म्हणाली. "त्यांना येतंय."

"कुणाचं बदलून शिकले?"

"शेजारच्या आसिफचं," नंदीश म्हणाला.

शरणम्मांनी त्याला पुन्हा पाटावर बसवलं. दानेश्वरी आत गेली आणि तिनं लंगोट बदलला. नंदीशनं अकरावा अनारसा खाल्ला. तो गोड होता, अशी त्याला माहिती मिळाली.

पंधरा जूनला अधिक महिना संपला. रजाही त्याच दिवशी संपली. सोळाला सकाळी सातला मायलेकींना घेऊन जीप दाराशी आली. आठला कारखान्याचा भोंगा. नंदीशनं मुलीला घेतलं. तिनं त्याच्याकडं नीट, बराच वेळ बघितलं, आणि भोकाड पसरलं. कडेवर ती चार मिनिटं होती. मग तिला दानेश्वरीकडं देऊन तो कामावर गेला.

दुपारच्या सुट्टीत त्यानं साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला:

"मा. व्यवस्थापकसाहेब यांसी,
विषय: कु. सिद्धेश्वरी नंदीश हिच्या वयाबाबत.
महोदय, मी दि. १५ जूनअखेर बालसंगोपनार्थ रजेवर सोलापूर मुक्कामी हजर होतो. सदर कालावधीत माझ्या मुलीचे वय मैंदर्गी येथे, माझी पूर्वसंमती न घेता, सहा महिन्यांनी वाढल्याचे आज निदर्शनास आले आहे. तरी सदर वाढ रद्द करून तिचे वय शून्य दिवस धरण्यात यावे व ते माझ्या समक्ष पुन्हा सुरू करण्यात यावे, ही नम्र विनंती."